सवलतीचा माल आणि नफ्याची नीती



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज मी व्हिडिओ गेमच्या खरेदी-विक्रीवर बोलणार आहे. हा विषय पोरासोरांचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु पोरासोरांच्या या बाजारात एक फार जुना प्रश्न नव्या वेषात उभा आहे. तो असा : एखादी वस्तू सवलतीत मिळते आहे, मला ती वापरायची नाही, केवळ पुढे चढ्या भावाने विकण्यासाठी मी ती घेतली, तर मी व्यापार केला, की दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न येऊन गेला असेल. मुलगा दिवाळीच्या सेलमध्ये खेळांच्या दहा तबकड्या घेतो, महिना-दोन महिन्यांनी त्या एकेक करून विकतो आणि आईच्या हातावर चार पैसे ठेवतो. आईला आनंद होतो आणि थोडी धाकधूकही वाटते. हा काळाबाजार तर नव्हे ना? बापाला वाटते, पोरगा हुशार निघाला. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. कोणाच्या म्हणण्यात कधी तथ्य असते, हे निवडून पाहणे हेच आजचे काम.

प्रथम माल कोणता ते पाहू, कारण मालाचा स्वभाव कळल्याशिवाय त्याच्या व्यापाराची नीती कळत नाही. व्हिडिओ गेम दोन रूपांत विकला जातो. एक रूप तबकडीचे. ती डबीत येते, हातात धरता येते, मित्राला देता येते. दुसरे रूप नुसत्या हक्काचे. पैसे भरले की कंपनीच्या यंत्रावरून खेळ आपल्या यंत्रावर उतरतो, आणि तो आपल्या नावाच्या खात्याशी बांधलेला राहतो. २००३ साली सुरू झालेले 'स्टीम' हे अशा विक्रीचे सर्वांत मोठे दुकान आहे. कधीकधी हा हक्क सांकेतिक अक्षरांच्या एका किल्लीच्या रूपाने विकतात. ती किल्ली ज्याने आधी वापरली, खेळ त्याचा झाला. दुसऱ्याला ती लागत नाही.

आता किंमत. सोनी कंपनीच्या नव्या खेळांची छापील किंमत आपल्या देशात २०२१ साली ४,९९९ रुपये होती. हीच तबकडी वर्षा-दीड वर्षाने अर्ध्या किमतीत मिळू लागते. असे का व्हावे? खेळ रचायला प्रचंड खर्च येतो, पण एकदा तो तयार झाला की आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. म्हणून कंपनी शिडी लावते. ज्याला पहिल्या दिवशीच हवा, त्याच्याकडून पूर्ण किंमत. जो सहा महिने थांबेल, त्याच्याकडून कमी. जो दोन वर्षे थांबेल, त्याच्याकडून आणखी कमी. उतावळ्याच्या पैशांतून खर्च निघतो, सबुरीवाल्याला स्वस्तात मिळतो. आंब्याच्या पहिल्या पेटीचा भाव आणि मोसम संपतानाचा भाव आठवा, म्हणजे हे ध्यानात येईल.

यातून एक गोष्ट निघते. खेळाचा भाव साधारणपणे उतरत जातो. तेव्हा आज सवलतीत घेऊन उद्या नफ्याने विकू म्हणणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते. उद्या कंपनीने भाव आणखी पाडला, तर त्याचा माल त्याच्याच गळ्यात पडतो. त्याला नफा होतो तो दोनच प्रसंगी. एक, ज्या गिऱ्हाइकाला सेलची बातमीच नव्हती, किंवा ज्याच्या गावात दुकानच नाही, त्याच्यापर्यंत तो माल पोचवतो. दुसरा, माल मुळातच तुटपुंजा असतो आणि तो आधी आपल्या हाती करून घेतो. बाहेरून हे दोन्ही नफे सारखेच दिसतात. आतून ते अगदी वेगळे आहेत. एवढा एक भेद जरी आपण घरी नेला, तरी आज इथे येण्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

पहिल्या प्रकारच्या नफ्याला मी वाईट म्हणणार नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात जुनी पाठ्यपुस्तके विकत घेणारे आणि विकणारे बसतात. एकाच्या घरात धूळ खात पडलेले पुस्तक ते पाव किमतीत घेतात आणि दुसऱ्याला अर्ध्या किमतीत देतात. मधला पैसा त्यांचा. त्या पैशासाठी त्यांनी पुस्तके पारखली, फाटकी वेगळी काढली, जागेचे भाडे भरले, आणि न विकली गेलेली रद्दीत घातली. या व्यवहारात विकणाऱ्याचे चार पैसे होतात, घेणाऱ्याचे पैसे वाचतात, आणि मधला माणूस श्रमाचे खातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या खेळांचा देवघेवीचा धंदा करणाराही याच पंक्तीत बसतो.

कायद्यानेही या व्यवहाराला बऱ्याच अंशी आश्रय दिला आहे, आणि तो सहज दिलेला नाही. अमेरिकेत एका प्रकाशन संस्थेने आपल्या कादंबरीवर छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकल्यास लेखनहक्काचा भंग समजला जाईल. मेसी या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ साली न्यायालयाने सांगितले की, प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीच्या किमतीवर प्रकाशकाची सत्ता राहत नाही. पुढे जपानमध्ये खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या खेळांची दुकाने बंद पाडण्यासाठी दावे लावले. २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला.

तिसरा खटला आपल्या विषयाला फारच जवळचा आहे. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेला. तिथली पाठ्यपुस्तके भारी महाग. तीच पुस्तके त्याच्या मायदेशात स्वस्त. त्याने घरच्यांना ती तिकडे विकत घ्यायला लावली, अमेरिकेत मागवली आणि नफ्याने विकली. प्रकाशकाने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात त्याच्यावर सहा लाख डॉलरची भरपाई बसली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने कौल दिला. विकत घेतलेली प्रत जगात कुठेही कायदेशीररीत्या बनलेली असो, घेणाऱ्याला ती पुन्हा विकण्याचा हक्क आहे, असे ठरले.

म्हणजे कायद्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. पण कायद्याने जे चालते ते सगळे नीतीने चालते असे नाही. कामगार चळवळीत ही गोष्ट आम्ही दररोज पाहतो. कंत्राटी कामगाराला वर्ष भरायच्या आत कामावरून काढून पुन्हा नव्याने घेतले, तर कागद साफ राहतात, माणूस मात्र भरडला जातो. म्हणून कायद्याच्या पुढे एक पाऊल टाकून विचार केला पाहिजे.

हा विचार आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादा घातलेली आहे : देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. परदेशी मालावर दुप्पट का? माझ्या समजुतीप्रमाणे, तो माल लांबून आणावा लागतो, वाटेत धोका असतो, म्हणून. याच ठिकाणी, व्यापाऱ्यांनी संगनमत करून माल अडवून धरला तर त्यांना हजार पण दंड सांगितला आहे. म्हणजे वाहतुकीचा आणि जोखमीचा मोबदला मान्य, अडवणुकीचा मोबदला अमान्य.

रोमचा सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक कोडे घातले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते बेटावरच्या लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? एक तत्त्ववेत्ता म्हणतो, खोटे बोलू नये म्हणजे झाले. सगळेच सांगण्याची सक्ती नाही. दुसरा म्हणतो, गिऱ्हाईक हाही तुझ्याच समाजातला माणूस आहे. त्याचे अज्ञान ही तुझी मिळकत होऊ नये. सिसेरोने दुसऱ्याची बाजू घेतली. खेळाची तबकडी म्हणजे दुष्काळातले धान्य नव्हे, हे मी जाणतो. तिच्यावाचून कोणी उपाशी मरत नाही. तरीही कोड्याची घडण तीच आहे, आणि धान्याच्या बाजारात सुचणारी पळवाट माणूस बहुधा अशा किरकोळ बाजारातच शिकतो.

आता दुसऱ्या प्रकारचा नफा पाहू. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ हे यंत्र अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी बाजारात आले. तबकडीच्या यंत्राची किंमत ४९९ डॉलर होती. करोनाचा काळ, माणसे घरात बसलेली, सुटे भाग मिळेनात. मागणी उदंड आणि माल थोडा. काही लोकांनी संगणकाला शिकवून ठेवलेल्या आज्ञावली, ज्यांना बॉट म्हणतात, त्या दुकानांच्या संकेतस्थळांवर सोडल्या. माणूस आपला पत्ता टाईप करतो आहे तोवर बॉट शंभर मागण्या नोंदवून मोकळा होतो. वॉलमार्टने जाहीर केले की, त्या नोव्हेंबरातल्या एका विक्रीत पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी असे दोन कोटींवर प्रयत्न अडवले. आणि मग तीच यंत्रे जवळजवळ दुप्पट किमतीला लिलावात दिसू लागली. आपल्याकडे हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली, आणि पुढे कित्येक महिने ते छापील किमतीच्या वर विकले जात होते. पॅकबंद माल छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास किरकोळ विक्रेत्याला २०११ च्या नियमांनी मनाई आहे; पण मी दुकानदार नव्हे, माझी घरची वस्तू विकतो आहे, असे म्हणणारे निघतातच.

इथे मधल्या माणसाने काय भर घातली? माल लांबून आणला नाही, पारखला नाही, दुरुस्त केला नाही. जोखीमही घेतली नाही, कारण माल तुटपुंजा आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने एवढेच केले की, रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे जाऊन त्याची वस्तू उचलली आणि वळून त्यालाच विकली. आपल्या भाषेत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. नवी मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले, त्यांच्या तिकिटांचे असेच झाले होते. आणि एकपडदा चित्रपटगृहाबाहेर 'दस का बीस' पुटपुटत फिरणारा माणूस तर आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. अमेरिकेने २०१६ साली तिकिटे लुटणाऱ्या बॉटविरुद्ध कायदा केला. पण तो तिकिटांपुरताच आहे, खेळांच्या यंत्रांना लागू नाही.

तिसरा प्रकार मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. काही सवलती सगळ्यांसाठी नसतात. त्या कोणासाठी तरी, कशासाठी तरी ठेवलेल्या असतात. मे २०१० मध्ये 'हंबल बंडल' नावाचा उपक्रम निघाला. छोट्या कारागिरांचे काही खेळ एकत्र बांधून, गिऱ्हाइकाने मर्जीला येईल ती किंमत द्यावी आणि तिची वाटणी खेळ रचणारे आणि धर्मादाय संस्था यांच्यात करावी, अशी योजना. लोकांनी भरभरून दिले. पण अशा गाठोड्यांतल्या किल्ल्या सुट्या करून विकणारेही निपजले. जिथे दुसऱ्याने पदरमोड करून सवलत दिली, तिथे ती सवलत आपल्या गल्ल्यात वळवणे हा माझ्या मते विश्वासघात आहे. अन्नछत्रात जेवणे गैर नाही. अन्नछत्रातली ताटे उचलून बाहेर विकणे गैर आहे.

गरीब देशांसाठी ठेवलेल्या किमतींचेही असेच आहे. स्टीमवर एकच खेळ वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या किमतीला मिळतो. तिथल्या माणसाच्या कमाईला झेपेल अशी किंमत लावायची ही कल्पना. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान या देशांत किंमती फार कमी होत्या. तेव्हा श्रीमंत देशांतले लोक आपण अर्जेंटिनात राहतो असे भासवून खरेदी करू लागले. २०२१ साली कंपनीने खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा निर्बंध घातला. नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही देशांच्या चलनांतील किंमती बंद करून डॉलरमध्ये किंमती लावल्या. चलनाचा दर सारखा कोसळतो हे कारण कंपनीने दिले आणि ते खरेही आहे. पण ज्या स्वस्ताईचा फायदा बाहेरचे उपटतात, ती टिकवण्यात दुकानाला रस उरत नाही, हेही उघड आहे. भाव चढले ते तिथल्या विद्यार्थ्याला आणि कामगाराला.

इथे कोणी विचारील, मग तो थायलंडचा विद्यार्थी निर्दोष कसा? शंका रास्त आहे. त्याने कोणाचे सोंग घेतले नाही. उघड दुकानातून, मागेल त्याला मिळणारी पुस्तके घेतली, आणि थायलंडमधल्या विद्यार्थ्याची प्रत कमी झाली नाही, कारण पुस्तक पुन्हा छापता येते. पण हाच उद्योग हजारोंनी केला, तर प्रकाशक गरीब देशातली किंमत वाढवील, ही भीती खरी आहे. म्हणून त्याला मी दोष देत नाही, आणि आदर्शही म्हणत नाही. नीतीच्या प्रश्नांत असा मधला पट्टा असतो, आणि तो आहे हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

चौथा प्रकार सरळ गुन्ह्याचा. चोरलेल्या बँक-कार्डावर खेळाच्या किल्ल्या विकत घ्यायच्या आणि किल्ल्यांच्या बाजारात स्वस्तात विकायच्या. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक खेळ बनवणाऱ्याकडून पैसे परत घेते आणि वर दंडही लावते. किल्ली गेली, पैसे गेले, दंड बसला. 'फॅक्टोरिओ' हा खेळ करणाऱ्या वूब या छोट्या संस्थेच्या १९८ चोरीच्या किल्ल्या जी-टू-ए या बाजारात विकल्या गेल्याचे चौकशीत निघाले, आणि मे २०२० मध्ये त्या बाजाराने सुमारे ३९,६०० डॉलर भरपाई दिली. फारच स्वस्त मिळते आहे असे दिसले की गिऱ्हाइकानेही थबकले पाहिजे. स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतच असतो.

या सगळ्याचा अनुभव मला पुस्तकाआधी आमच्या युनियनच्या ग्राहक भांडारात आला. दिवाळीत आम्ही सभासदांना तेलाचे डबे घाऊक भावात देत असू, कार्डामागे एक. एका वर्षी दोन तक्रारी एकदम आल्या. एका विधवा भगिनीने आपला डबा शेजारणीला शंभर रुपये जास्त घेऊन विकला होता. आणि एका सभासदाने रात्रपाळीच्या सात जणांची कार्डे गोळा करून सात डबे उचलले होते आणि नाक्यावरच्या वाण्याला घातले होते. सभेत काहींचे म्हणणे पडले, दोघांनाही सारखाच दंड करा, नियम म्हणजे नियम. पुष्कळ वाद झाला. शेवटी सभेने ठरवले की, त्या बाईने स्वतःच्या वाट्याचा डबा विकला. तिला तेलापेक्षा रोख पैशाची नड होती. तो वाटा तिचाच होता, तिने तो कसा वापरावा हे सांगणारे आपण कोण? दुसऱ्याने मात्र सात जणांचा वाटा उचलला. त्या सातांपैकी चौघांना आपला डबा गेल्याचा पत्ताही नव्हता. त्याला भांडारातून वर्षभर बंदी केली, आणि पुढच्या वर्षीपासून कार्डावर सही घेऊनच डबा द्यायचा असा ठराव झाला. पुस्तकात मला पुढे जे सापडले, ते त्या सभेने आधीच सांगितले होते : आपला वाटा विकणे वेगळे आणि दुसऱ्याचा वाटा विकणे वेगळे.

तेव्हा सवलतीचा माल विकण्यासाठी घेणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. ही सवलत कोणासाठी ठेवलेली आहे, आणि मी त्यांच्यातला आहे काय? मी घेतल्याने, स्वतः वापरण्यासाठी आलेला कोणी रिकाम्या हाताने परत जाईल काय? घेणे आणि विकणे यांच्यामध्ये मी काही भर घालतो आहे काय, म्हणजे वाहतूक, पारख, साठवण, जोखीम? आणि चौथा, मी हा माल कुठून, कसा आणला हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगण्याची माझी तयारी आहे काय? दिवाळीच्या सेलमधल्या दहा तबकड्या घेणारा मुलगा, दुकानात ढीग पडला असेल आणि सेल सर्वांना खुला असेल, तर या चारही प्रश्नांतून सहीसलामत सुटतो. त्याच्या आईने निश्चिंत असावे. त्याने शेवटच्या दहा तबकड्या उचलल्या असतील आणि मागे तीन मुले उभी असतील, तर त्याला दुसऱ्याच प्रश्नावर थांबावे लागेल.

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला अर्थशास्त्र शिकलेल्या मंडळींचा. ते म्हणतात, माल तुटपुंजा असला की ज्याला त्याची सर्वांत जास्त ओढ, त्याच्याकडे तो जावा. जास्त ओढ असणारा जास्त पैसे देतो. चढ्या भावाने विकणारा हेच घडवून आणतो. यात एक गफलत आहे. जास्त पैसे देणे हे ओढीचे माप तेव्हाच होईल, जेव्हा सर्वांचे खिसे सारखे असतील. वर्षभर पैसे साठवणाऱ्या फिटरच्या मुलाची ओढ आणि सहज पाकीट उघडणाऱ्याची ओढ रुपयांत मोजता येत नाही. मात्र या आक्षेपात एक खरा धागाही आहे, तो मी नाकारणार नाही. रांगही सर्वांना न्याय देत नाही. दुपारी बारा वाजता विक्री सुरू होते तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार यंत्रावर उभा असतो. त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. पण त्याच्यावर उपाय म्हणजे रांग लुटणाऱ्याला मोकळे सोडणे नव्हे. अधिक चांगली रांग लावणे हा उपाय आहे.

तशी रांग लावता येते. निन्टेंडो कंपनीने जून २०२५ मध्ये आपले नवे यंत्र, स्विच २, आणले. जपानमध्ये आपल्या दुकानातून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी कंपनीने सोडत ठेवली, आणि सोडतीला अट घातली की, अर्जदाराने आधीच्या यंत्रावर निदान ५० तास खेळलेले असावे आणि एकूण वर्षभर तरी सभासदत्वाची वर्गणी भरलेली असावी. सुमारे बावीस लाख अर्ज आले. शिवाय फक्त जपानी भाषेत चालणारे यंत्र ४९,९८० येनला आणि सर्व भाषांत चालणारे ६९,९८० येनला ठेवले, म्हणजे स्वस्त यंत्र उचलून परदेशी विकण्यात राम राहू नये. सगळ्यांना यंत्र मिळाले नाही. पण खेळणाऱ्याला लुटणाऱ्याच्या पुढे उभे केले गेले. विकणाऱ्याने मनात आणले तर एवढे होऊ शकते.

दुसरा आक्षेप माझ्या मनाला अधिक लागतो. बेकार तरुण आहे, नोकरी मिळत नाही, चार वस्तू इकडच्या तिकडे करून पोट भरतो; त्याला तुम्ही नीती शिकवणार? कंपन्यांना कोणी शिकवायची? हा राग मला समजतो. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रावर जुन्या तबकड्यांच्या विक्रीवर बंधने घालायचे जाहीर केले होते. ६ जूनला घोषणा आणि गिऱ्हाइकांच्या संतापामुळे १९ जूनला माघार. आता तेच काम तबकडीच नाहीशी करून चालले आहे. खात्याला बांधलेला खेळ विकता येत नाही, मुलाला वारशाने देता येत नाही. एक तबकडी विकणाऱ्या पोराला चोर म्हणायचे आणि पूर्ण किंमत घेऊन मालकीच न देणाऱ्याला व्यापारी म्हणायचे, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला.

जुना खेळ पुन्हा विकला तर बनवणाऱ्या कामगारांचे पोट मारले जाते, असेही कंपन्या म्हणतात. कामगार संघटक या नात्याने मला याचे उत्तर दिले पाहिजे. खुर्ची दुसऱ्यांदा विकली तर सुताराला पुन्हा मजुरी मिळत नाही, आणि ती मिळावी असे सुतारही म्हणत नाही. आणि पहिल्या विक्रीचा पैसा तरी कामगारापर्यंत कितीसा पोचतो? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी घेतली, आणि तीन महिन्यांत खेळांच्या विभागातील १,९०० माणसे कमी केली. ती जुन्या तबकड्यांमुळे गेली नाहीत. या धंद्यातल्या कामगारांना जे मिळाले ते संघटनेने मिळाले. झेनिमॅक्समधल्या सुमारे तीनशे तपासनीसांच्या युनियनला जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली. खेळांना आवाज देणारे अमेरिकन कलावंत २६ जुलै २०२४ रोजी संपावर गेले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी नवा करार मंजूर केला.

पण कंपनी अन्याय करते म्हणून मी माझ्यासारख्याच दुसऱ्याला नाडावे, हे उत्तर नव्हे. बॉट लावून शंभर यंत्रे उचलणारा कंपनीचे काहीच बिघडवत नाही. कंपनीला पूर्ण किंमत मिळालेली असते. त्याचा सगळा भार पडतो तो रांगेतल्या माणसावर. बेकार तरुणाला मी एवढेच म्हणेन : जुने खेळ घे, पारख, पुसून साफ कर, बिघडले असेल ते सांग, ज्या गावात दुकान नाही तिथे पोचव, आणि तुझा नफा उजळ माथ्याने घे. हा धंदा आहे, आणि त्याला भांडवल थोडे लागते.

आपल्या ग्राहक चळवळीलाही इथे काम आहे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या विणकरांनी आणि कारागिरांनी आपले सहकारी दुकान काढले, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटून देण्याचा नियम केला. मधला नफा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या हाती जायचा एवढेच ठरवायचे असते, हे त्या अर्धपोटी माणसांना कळले होते. आपल्या वाचनालयांनी पुस्तकांबरोबर खेळांच्या तबकड्या ठेवल्या, गल्लीतल्या मुलांनी आपापले खेळ एकत्र करून देवघेवीचे मंडळ काढले, तर चढ्या भावाच्या विक्रेत्याला गिऱ्हाईकच उरणार नाही. पाच मुलांनी पाच वेगळे खेळ घेतले तर प्रत्येकाला पाच खेळ मिळतात, हा हिशोब मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

 आपल्या घरातला मुलगा असा काही व्यवहार करत असेल तर त्याला रागावण्याआधी आणि शाबासकी देण्याआधी ते चार प्रश्न जरूर विचारावेत. उत्तरे तो स्वतःच देईल.